शनेल कोण होती? : एका चॅट-कक्षाचा इतिहास

२८ नोव्हेंबर १९९८. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या ऑलस्टन भागात रिटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीची तिच्याच घरात चाकूचे वार करून हत्या झाली. तिचा पस्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

ही बातमी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणाऱ्या ग्वेंडोलिन ॲन स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचली. ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेवरील एका चॅट-कक्षात बोलताना त्या म्हणाल्या, हे तर शनेल पिकेटच्या प्रकरणासारखेच झाले. समोरच्यांना संदर्भच लागला नाही. शनेल कोण?

शनेल पिकेट ही बॉस्टनलगतच्या वॉटरटाउनमध्ये २० नोव्हेंबर १९९५ रोजी मारली गेलेली कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्री. आरोपी खुनाच्या आरोपातून सुटला. शिक्षा झाली ती फक्त मारहाणीची. घटनेला जेमतेम तीन वर्षे उलटली होती. इतक्यात विसर कसा पडला? याचे उत्तर शोधायचे तर आधी त्या कक्षाची रचना पाहावी लागेल.

इंटरनेटपूर्व काळात आपल्या लिंगभावाविषयी संभ्रमात असलेल्या माणसाला दुसरे तसे माणूस भेटण्याचा मार्ग म्हणजे टपाल. व्हर्जिनिया प्रिन्स यांनी १९६० मध्ये लॉस एंजेलिसहून ‘ट्रान्सव्हेस्टिया’ हे नियतकालिक सुरू केले. त्यातील संपर्क-जाहिरातींत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असत आणि पत्रे संपादकांमार्फत पुढे जात. टपालही निर्धोक नव्हते. खासगी पत्रव्यवहारातील मजकुरावरून खुद्द प्रिन्स यांच्यावर खटला भरला गेला. पण पत्राचा एक गुण होता. ते पेटीत, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी टिकून राही.

१९९० च्या दशकात डायल-अप मोडेम आला. ‘अमेरिका ऑनलाइन’च्या एका खात्यावर पाच ‘स्क्रीन-नावे’ घेता येत. एक वडिलांचे, एक आईचे, एक मुलांचे. आणि उरलेल्या नावात कुणीतरी रात्री घर निजल्यावर, आयुष्यात प्रथमच, स्वतः निवडलेल्या नावाने हाक मारून घेई. १९९६ च्या अखेरपर्यंत या सेवेचे शुल्क तासावर आकारले जाई, त्यामुळे हे बोलणे स्वस्त नव्हते. साधारण कक्षात एका वेळी २३ माणसे मावत. मला हा आकडा फार बोलका वाटतो. गावच्या पारावर बसतील तितकीच ही माणसे, फक्त प्रत्येक जण वेगळ्या गावचा.

सुरुवातीला कंपनीचे धोरण प्रतिकूल होते. पारलिंगी व्यक्तींसाठी वापरले जाणारे शब्द कक्षाच्या नावात दिसले की तो कक्ष अश्लील समजून बंद केला जाई. तक्रारी आणि पाठपुराव्यानंतर अधिकृत जागा मिळाली. स्मिथ यांच्या देखरेखीखालील तिथल्या कक्षाचे नाव होते ‘गझीबो’, म्हणजे बागेतला लाकडी मंडप. कुणाच्या डोळ्यावर येऊ नये असेच नाव.

आता विस्मृतीकडे वळू. त्याच काळात ‘यूझनेट’ नावाची सार्वजनिक चर्चाव्यवस्था होती. तिथला मजकूर १९९५ पासून ‘डेजा न्यूज’ने साठवायला घेतला आणि २००१ मध्ये तो संग्रह गूगलने विकत घेतला. यूझनेटवरचा मजकूर टिकला म्हणून ‘सिसजेंडर’ या शब्दाच्या सर्वांत जुन्या ज्ञात वापरांपैकी एक आपल्याला दाखवता येतो : १९९४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शिकणाऱ्या डेना डिफॉस यांनी यूझनेटवरच्या पारलिंगी चर्चागटात तो लिहिला. (लॅटिनमध्ये ‘सिस’ म्हणजे अलीकडचा, ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडचा. रोमन लोक आल्प्सच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गॉलसाठी हीच उपपदे वापरत. रोमचा इतिहास वाचलेल्यांना गंमत वाटेल.)

गझीबोतील बोलण्याचे असे काहीच झाले नाही. खिडकी मिटली की शब्द गेले. कालचे बोलणे आज आलेल्याला वाचता येत नसे. माणसे येत, आधार घेत, स्थिरावत आणि निघून जात. त्यांच्या जागी येणाऱ्याला आधीच्यांचे काहीच ठाऊक नसे. ज्या समाजात बहुतेकांची आई-आजी त्या वाटेने गेलेली नसते, तिथे आठवण घरातून येत नाही. ती कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवावी लागते.

वृत्तपत्रांवर विसंबता येत नव्हतेच. रिटाच्या बातम्यांत तिचा उल्लेख पुरुष म्हणून झाला, तिचे नाव अवतरणचिन्हांत टाकले गेले. बॉस्टनमधील समलिंगी समुदायाचे पत्रही याला अपवाद नव्हते. उद्याचा संशोधक ही कात्रणे उघडेल तेव्हा त्याला रिटा सापडेल, पण दुसऱ्याच कुणाच्या रूपात. साधनांची चिकित्सा म्हणतात ती इथे हवी.

स्मिथ यांनी मग ‘रिमेम्बरिंग अवर डेड’ हे संकेतस्थळ उभारले. त्यात होती मृतांची यादी : नाव, ठिकाण, तारीख, मृत्यूचे कारण. मांडणी एखाद्या बखरकाराला अगदी रूक्ष वाटेल अशी. मी तिला इतिहासलेखनच मानतो. १९९९ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को आणि बॉस्टनमध्ये लोक मेणबत्त्या घेऊन जमले. तेव्हापासून पारलिंगी स्मृतिदिन पाळला जाऊ लागला आणि आज तो अनेक देशांत २० नोव्हेंबरला असतो. ती शनेलच्या मृत्यूचीही तारीख आहे.

गझीबो आता नाही. ‘अमेरिका ऑनलाइन’ची डायल-अप सेवाही २०२५ च्या सप्टेंबरअखेर बंद झाली. २०२२ मध्ये ऑलस्टनमधील एका भिंतीवर रिटाचे भव्य चित्र रंगवण्यात आले. तिचा मारेकरी अद्याप सापडलेला नाही.