लेथवर डायने आटे कसे पाडतात? नट सरळ चढण्यामागचे कारण

जीआय पाइपच्या टोकाला लांब दांड्याचे अवजार फिरवून आटे पाडणारा प्लंबर अनेकांनी पाहिला असेल. त्या अवजारात बसवलेला कापणारा भाग म्हणजे डाय. वर्कशॉपमध्ये हीच डाय लेथ मशीनवर वापरून बोल्ट, स्टड आणि पिना तयार केल्या जातात. काम हाताने होत असताना लेथ कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर एका शब्दात सांगायचे तर सरळपणा!

डाय म्हणजे नेमके काय?

डाय ही कठीण केलेल्या पोलादाची चकती असते. दिसायला ती नटासारखी असते, पण मधल्या आटेदार भोकाभोवती आणखी काही भोके असतात. या भोकांमुळे आट्यांना धार मिळते आणि कापलेला कीस बाहेर पडायला जागाही मिळते. तोंडाकडचे दोन-तीन आटे निमुळते असतात. ते टप्प्याटप्प्याने खोल कापत जातात आणि मागचे पूर्ण आटे डायला पुढे ओढतात.

गोल डायला बहुतेक वेळा एका बाजूला चीर असते. होल्डरचा मधला स्क्रू आवळला की चीर फाकते, बाजूचे दोन आवळले की मिटते. त्यामुळे आधी उथळ आटे पाडून मग पूर्ण मापाचे आटे काढता येतात.

आटे तिरके का जातात?

हाताने डाय फिरवताना ती सळईला काटकोनात आहे की नाही, हे फक्त नजरेवर ठरते. सुरुवातीला डाय जराशी कलली तरी एका बाजूचे आटे खोल आणि दुसऱ्या बाजूचे उथळ पडतात. मग नट डुगडुगत चढतो किंवा मध्येच अडकतो. एका फेऱ्यात एकसारखे पुढे न सरकणाऱ्या अशा आट्यांना इंग्रज कारागीर चक्क ‘झिंगलेले आटे’ म्हणतात! असा बोल्ट घट्ट आवळला तर ताण सगळ्या आट्यांवर सारखा पडत नाही.

लेथवर सळई चकमध्ये धरलेली असते आणि डाय समोरच्या टेलस्टॉकवर बसवलेल्या होल्डरमध्ये. दोन्हींचा अक्ष एकच असल्यामुळे डाय कलत नाही. होल्डर एका दांड्यावर पुढे-मागे सरकतो. डाय सळईला पकडते आणि स्वतःच्या आट्यांनीच पुढे जाते. म्हणजे दोन आट्यांमधले अंतर डाय ठरवते आणि दिशा लेथ सांभाळते.

उदाहरण : एम १० चा बोल्ट

एम १० म्हणजे बाहेरचा व्यास १० मिलीमीटर. याची नेहमीची पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १.५ मिलीमीटर असते.

१. सळई चकमध्ये धरून तिचे टोक सपाट करावे. ज्या भागावर आटे पाडायचे तो साधारण ९.८५ मिलीमीटर व्यासाचा करावा. कापताना धातू थोडा फुगतो, म्हणून पूर्ण १० ठेवला तर डाय आवळते आणि आटे फाटतात.

२. टोकाला ४५ अंशांचा उतार द्यावा. टोकाचा व्यास ८ मिलीमीटरच्या आसपास आला की डायला सहज सुरुवात करता येते.

३. डायची निमुळती बाजू सळईकडे ठेवून टेलस्टॉक जवळ आणावा आणि होल्डर हलक्या दाबाने सळईवर टेकवावा.

४. मशीन बंद ठेवून चक हाताने फिरवावा. एक-दोन आटे पकडले गेले की दाब देण्याची गरज उरत नाही.

५. दर एक-दोन फेऱ्यांनंतर अर्धा फेरा उलटा घ्यावा, म्हणजे कीस तुटून मोकळा होतो.

६. सळई चकमधून काढण्याआधीच नट लावून पाहावा. घट्ट वाटला तर डाय थोडी मिटवून पुन्हा फिरवावी. एकदा काढलेली सळई पुन्हा त्याच जागी तंतोतंत बसवणे कठीण असते.

पोलादावर कटिंग ऑइल लागते, ॲल्युमिनियमवर रॉकेलही चालते आणि पितळ कोरडेच कापता येते.

धोका कुठे आहे?

डाय पूर्ण खोलीचा आटा जवळजवळ एकाच दमात कापते. एम १० मध्ये ही खोली सुमारे ०.९२ मिलीमीटर भरते. त्यामुळे डायवर जबरदस्त पीळ येतो. मशीन चालू असताना होल्डरचा दांडा हातात धरला आणि कीस अडकला, तर दांडा चकबरोबर फिरतो आणि बोटे चिरडू शकतात. म्हणूनच शिकाऊ माणसाने चक हाताने फिरवणेच बरे.

डाय कुठे कमी पडते?

व्यास मोठा असेल तर हाताची ताकद पुरत नाही. लांब स्क्रूमध्ये प्रत्येक आट्याची बारीकशी चूक साठत जाते. अशा कामाला लेथचा लीडस्क्रू जोडून एकाच टोकाच्या हत्याराने, थोडे थोडे कापत आटे काढतात. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास बनवलेल्या लेथने ही पद्धत अचूक केली. काही कारागीर दोन्हींचा मेळ घालतात : बहुतेक खोली हत्याराने काढायची आणि शेवटचा हात डायने फिरवायचा. असे केल्याने डायवरचा ताण कमी होतो आणि माप नेमके येते.

डाय निवडताना मापाइतकीच आट्यांची जातही पाहावी लागते. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश, तर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा ५५ अंश. घरातल्या नळाचे बीएसपी आटे आजही ५५ अंशांचेच आहेत. बाजारातले बहुतेक बोल्ट मात्र कापलेले नसतात, त्यांचे आटे दाबून उमटवलेले असतात. तरीही जुन्या मशीनचा एखादाच स्टड हवा असेल, तर लेथ आणि योग्य डाय असली की तो तासाभरात तयार होतो. फक्त जुना नट हाताशी ठेवावा आणि त्याचे आटे आधी मोजून घ्यावेत.