गुठळीचं जनुक आणि गस्तीचा नियम



मागच्या महिन्यात इंदूरहून पुतणीचा फोन आला. "काका, बाबांच्या पायात रक्ताची गुठळी झाली. आम्ही भावंडांनी जनुकीय चाचणी करून घ्यायची का?" दादांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, महिनाभर ते पलंगाला खिळून होते. धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू, त्यात ही धास्ती. मी म्हटलं, आधी इतिहास ऐक.

1856 साली जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांनी गुठळीवरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. पुढे गुठळीची तीन कारणं त्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली: रक्ताचा प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीला इजा होणं आणि रक्तच लवकर गोठू लागणं. उंचावरच्या चौकीत आम्ही यातलं बरंच डोळ्यांनी पाहिलं. थंडीमुळे जवान पाणी कमी पितो, विरळ हवेत रक्त दाट होतं, बर्फाच्या वादळात तो दिवसच्या दिवस तंबूत अडकतो. म्हणून आमचे डॉक्टर एकच धोशा लावत: पाणी प्या, पाय हलवत राहा.

तिसऱ्या कारणाचं मूळ घराण्यात सापडू लागलं ते 1965 पासून. नॉर्वेत ओलाव्ह एगेबर्ग यांना एका कुटुंबात अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाची उणीव आढळली. 1993 मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्न डालबॅक यांनी दाखवलं की काहींच्या रक्तावर गोठणं रोखणाऱ्या एका प्रथिनाचा लगाम नीट चालत नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी त्यामागचा जनुकातला बदल शोधला. तोच 'फॅक्टर फाइव्ह लायडन'. युरोपीय वंशाच्या सुमारे 5 टक्के लोकांत तो असतो. भारतात त्याचं प्रमाण बरंच कमी आहे.

मग सगळ्यांचीच चाचणी का करू नये? कारण हा बदल असलेल्या बहुतेकांना जन्मभर गुठळी होत नाही. उलट, तो नसलेल्यांनाही ती होते. एकदा गुठळी झालेल्या माणसाला ती पुन्हा होण्याचा धोकाही या बदलामुळे थोडाच वाढतो. म्हणूनच 2011 साली अमेरिकेतल्या एका तज्ज्ञगटानं अशा रुग्णांची आणि त्यांच्या निरोगी नातेवाइकांची या बदलासाठी सरसकट चाचणी करू नये, अशी शिफारस केली.

फौजेत गस्त पाठवण्याआधी आम्ही विचारायचो: तिनं आणलेल्या खबरीनं हुकूम बदलणार आहे का? नसेल, तर माणसं कशाला दमवायची? चाचणीचंही तसंच आहे. दादांच्या गुठळीचं कारण समोर दिसतं आहे, रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत. अहवाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार. मुलींच्या माथी मात्र विनाकारण शिक्का बसेल, किंवा 'काही नाही' असं वाचून फाजील निर्धास्तपणा येईल.

तरी काही वेळा गस्त पाठवावी लागते. तरुणपणी कारणाशिवाय गुठळी झाली, ती नेहमीपेक्षा वेगळ्या जागी झाली किंवा जवळच्या रक्ताच्या अनेक नातेवाइकांना झाली, तर रक्तविकारतज्ज्ञांना विचारावं. गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण किंवा मोठं ऑपरेशन असेल, तर घरातला इतिहास डॉक्टरांना आधी सांगावा. या माहितीला पैसा लागत नाही.

पुतणीला शेवटी एवढंच सांगितलं: एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी, अगदी त्याच तासाला दवाखाना गाठ.

जय हिंद.