केसांआडचा कान : श्रवणयंत्र लपवण्याची दोनशे वर्षे

१/
इ.स. १८०० च्या आसपासची व्हिएन्ना. सुमारे दहा वर्षांच्या एका मुलाला पियानो वाजवून दाखवण्यासाठी एका तरुण संगीतकाराच्या घरी नेण्यात आले. खोलीभर कागद आणि कपडे विखुरलेले होते. संगीतकाराचे कोळशासारखे काळे, दाट केस डोक्याभोवती उभे राहिले होते. मुलाच्या नजरेने आणखी एक गोष्ट टिपली : त्याच्या दोन्ही कानांत पिवळसर द्रवात भिजवलेले कापसाचे बोळे होते. संगीतकार होता लुडविग फान बीथोव्हन आणि मुलगा कार्ल चेर्नी. पुढे तो स्वतः नामवंत पियानोशिक्षक झाला आणि ही आठवण त्याने लिहून ठेवली.

२/
त्या काळात बीथोव्हन आपले बहिरेपण जगापासून लपवत होता. जून १८०१ मध्ये फ्रान्झ वेगेलर या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले, की सुमारे दोन वर्षे आपण लोकांत मिसळणे टाळत आहोत, कारण ‘मला ऐकू येत नाही’ हे सांगणे आपल्याला अशक्य वाटते. तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता. तरुण पुरुष, त्याचे केस आणि त्याचा ऐकू न येणारा कान या तिघांच्या नात्याला मोठा इतिहास आहे. तो इतिहास पुष्कळसा लपवण्याचा आहे आणि लपवण्याची किंमत कोणी मोजली, याचाही आहे.

३/
आधी थोडे मागे जाऊ. अठराव्या शतकातील युरोपात प्रतिष्ठित पुरुषाचा कान बहुधा पावडर लावलेल्या केसांच्या टोपाखाली किंवा त्याच्या वळ्यांआड असे. तरीही लंडनच्या रॉयल ॲकॅडमीचा पहिला अध्यक्ष, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स, याने वेगळा मार्ग पत्करला. तो चारचौघांत चांदीचा कर्णा कानाला लावत असे. योहान झोफनीने ॲकॅडमीच्या सदस्यांचे जे समूहचित्र रंगवले, त्यातही रेनॉल्ड्सच्या हाती तो कर्णा दिसतो. १७७५ च्या सुमारास त्याने स्वतःचे चित्र काढले, तेही कानामागे हात धरून ऐकण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचे. अर्थात, मान्यता मिळालेल्या ज्येष्ठ कलावंताला हे धैर्य तुलनेने स्वस्तात परवडत होते.

४/
मग केसांची फॅशनच उलटली. १७९१ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर व्होल्तेअरच्या ‘ब्रूटस’ नाटकात ताल्मा हा नट टायटसच्या भूमिकेत प्राचीन रोमन पद्धतीने केस कापून उभा राहिला. क्रांतीच्या वातावरणातील तरुणांनी ती ठेवण उचलली. १७९५ मध्ये ब्रिटनने केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला आणि तिथेही टोप व पावडर मागे पडत गेली. चेर्नीने पाहिलेले बीथोव्हनचे केसही याच ‘टायटस’ पद्धतीचे होते. नव्या पिढीचे केस हे तिचे राजकीय विधान होते. त्या विधानात कानावरचे जुने पांघरूण मात्र गेले.

५/
लपवण्याची किंमत सर्वांत स्पष्टपणे नोंदली गेली ती ऑक्टोबर १८०२ मध्ये. व्हिएन्नाजवळील हायलिगेनश्टाट गावी बीथोव्हनने भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते कधीच पाठवले गेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. लोक आपल्याला हट्टी, तुसडा, माणूसघाणा समजतात. त्यामागचे खरे कारण त्यांना ठाऊक नाही, हे त्या पत्रातील मुख्य दुःख आहे. ‘मोठ्याने बोला’ एवढे सांगता न आल्याने त्याने एकांतवास स्वीकारला होता. आत्महत्येचा विचारही त्याच्या मनाला शिवून गेला होता. बहिरेपण झाकले गेले. पण झाकलेल्या जागी लोकांनी स्वभावदोष वाचला.

६/
पुढे १८१२ ते १८१४ या काळात मेल्झेल या यांत्रिकाने त्याच्यासाठी धातूचे कर्णे बनवले. मेट्रोनोमचे पेटंट घेणारा तो हाच मेल्झेल. ते कर्णे आज बॉनच्या बीथोव्हन-हाउसमध्ये जतन केलेले आहेत. कर्ण्याचे तत्त्व साधे आहे : रुंद तोंडाने जास्त ध्वनी गोळा करायचा आणि निमुळत्या नळीतून तो कानात सोडायचा. तोंड जितके रुंद, तितका लाभ अधिक. म्हणजेच जे साधन उपयोगाचे, ते लपण्याजोगे नव्हते आणि जे लपण्याजोगे, ते फारसे उपयोगाचे नव्हते. पुढील शतकभराचा पेच या एका वाक्यात मावतो.

७/
बीथोव्हनच्या केसांची कथा त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिली. मार्च १८२७ मध्ये तो गेला, तेव्हा चाहत्यांनी आठवण म्हणून त्याच्या बटा कापून नेल्या. २०२३ मध्ये संशोधकांनी अशा आठ बटांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच खऱ्या ठरल्या. सर्वांत प्रसिद्ध असलेली एक बट तर चक्क एका स्त्रीची निघाली. खऱ्या बटांनी यकृतविकाराकडे असलेला आनुवंशिक कल आणि हेपटायटिस-बीचा संसर्ग उघड केला. बहिरेपणाच्या कारणाबाबत मात्र त्या केसांनी मौनच पाळले.

८/
कर्णा दिसू नये, ही इच्छा राजेलोकांनाही होती. लंडनच्या एफ. सी. राईन या पेढीने १८१९ मध्ये पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी एक सिंहासन घडवले. त्याचे हात म्हणजे जबडा वासलेले सिंह होते. बोलणाऱ्याने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचे. तो आवाज आसनाखालील पोकळीतून नळीवाटे राजाच्या कानापर्यंत जाई. हा राजा त्या वेळी रिओ दि जानेरोमधून कारभार पाहत होता आणि गोवा त्याच्याच अमलाखाली होता. ऐकू न येण्याची अडचण राजाची, पण गुडघे टेकायचे ते प्रजेने. सत्ता हाती असली, की व्यंगाचेही वैभव करता येते.

९/
ज्यांच्याकडे सिंहासन नव्हते, त्यांच्यासाठी केस होते. राईनच्या पेढीने डोक्यावर बसणारे पट्टे बनवले. त्यांच्या टोकांना कानाजवळ छोटे ध्वनिसंग्राहक असत आणि पट्टा केसांत किंवा शिरोभूषणात दडवता येई. हातपंखे, कपडे, आसने यांतही अशी साधने लपवली गेली. शोकाच्या काळात वापरण्यासाठी काळ्या कापडाने मढवलेले कर्णेही मिळत. भरघोस केशरचना करणाऱ्या स्त्रियांना हा आडोसा सहज उपलब्ध होता. आखूड केसांच्या तरुण पुरुषापुढे दोनच पर्याय उरत : कर्णा उघडपणे धरणे किंवा ऐकल्याचे सोंग करणे.

१०/
या लपवाछपवीला स्पष्ट शब्दांत विरोध केला तो हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेने. तारुण्यातच ऐकू येणे कमी झालेल्या मार्टिनोने १८३४ मध्ये कर्णबधिरांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. खोटी लाज सोडा, कर्णा वापरा आणि आपल्या स्थितीचा भार इतरांवर न टाकता स्वतः पेला, असा त्याचा आशय होता. त्यानंतर ती कर्णा घेऊन अमेरिकेत हिंडली. कर्ण्यामुळे माणसे जवळ येऊन, एकेकटी आणि मोकळेपणाने बोलतात, असा तिचा अनुभव होता. दिसणारे साधन समोरच्याला कसे बोलावे हे न सांगता शिकवते, हे तिने ओळखले होते.

११/
विसाव्या शतकात वीज आली. आधी मेजावर ठेवण्याची जड यंत्रे, मग निर्वात नलिकांची अंगावर वागवता येतील अशी यंत्रे. डबी खिशात, बॅटरी कमरेला, वायर कॉलरमधून वर आणि बटण कानात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९४८ पासून ‘मेड्रेस्को’ हे असेच यंत्र मोफत दिले. महायुद्धांनी पुरुषांच्या डोक्यावर सैनिकी कट रुजवला होता. त्यामुळे तरुणाच्या कानातले बटण आणि मानेवरची वायर दोन्ही उघड्यावर होती. १९५२ च्या अखेरीस ‘सोनोटोन १०१०’ बाजारात आले. त्यात ट्रान्झिस्टर होता. रेडिओच्याही आधी ट्रान्झिस्टर सामान्य ग्राहकाच्या हाती आला, तो श्रवणयंत्रातून.

१२/
यंत्र लहान होताच पहिला विचार झाला तो ते नाहीसे करण्याचा. १९५० च्या दशकाच्या मध्यास चष्म्याच्या दांडीत बसवलेली श्रवणयंत्रे आली. चष्मा असणे चालते, यंत्र असणे चालत नाही, हा समाजाचा निवाडा त्या दांडीत कोरलेला होता. नेमक्या याच दशकात एका तरुणाने उलट दिशेने पाऊल टाकले. अमेरिकन गायक जॉनी रे याची एका कानाची श्रवणशक्ती किशोरवयातल्या अपघातात गेली होती. १९५१ च्या ‘क्राय’ या गाण्याने तो कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. कपाळावर केस, डोळ्यांत पाणी आणि कानात उघड दिसणारे यंत्र अशा रूपात हजारो तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले.

१३/
१९६० च्या दशकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. कानामागे बसणारी छोटी यंत्रे रुळली आणि तरुण पुरुषांचे केस कानांवर उतरले. बीटल्सच्या पिढीने केस वाढवले ते वडिलांच्या सैनिकी शिस्तीला नकार देण्यासाठी. पण त्या नकारात कर्णबधिर तरुणाला एक अनपेक्षित सवलत मिळाली. प्रथमच त्याचा कान झाकलेला असणे संशयास्पद राहिले नाही. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने १९७४ पासून कानामागची यंत्रे देण्यास सुरुवात केली, तेव्हा लांब केस ऐन भरात होते.

१४/
मात्र या आडोशालाही किंमत आहे. कानामागच्या यंत्राचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या कडेपाशी असतो. केस त्यावर घासले, की वाऱ्याच्या झोताप्रमाणे खरखर ऐकू येते. यंत्रावर काही घट्ट दाबून बसले, तर बाहेर पडणारा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी वाजू शकते. घाम आणि तेल हे यंत्राचे शत्रूच. त्यामुळे केस वाढवणारा तरुण बट कानामागे घेतो, ती यंत्राच्या वर राहील की खाली हे पाहतो, अंबाडा बांधतो किंवा सोडतो. आरशासमोरचा हा एक क्षण म्हणजे दिसणे आणि ऐकणे यांच्यातील रोजचा करार असतो.

१५/
१९८० च्या दशकात लपवण्याचे आणि दाखवण्याचे दोन्ही प्रवाह ठळक झाले. १९८३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन जाहीरपणे श्रवणयंत्र लावून वावरू लागले. पण ते यंत्र कानाच्या आत बसणारे, चटकन न दिसणारे होते. पुढच्याच वर्षी ‘द स्मिथ्स’चा गायक मॉरिसी ऐकू येत असतानाही ठळक दिसणारे श्रवणयंत्र लावून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर गायला. एका कर्णबधिर चाहतीला बळ मिळावे, हा त्याने सांगितलेला हेतू होता. ज्याला यंत्र काढून ठेवता येते, त्याने ते मिरवणे सोपे असते, हा आक्षेप रास्तच. तरीही लाजेची वस्तू मंचावर आली, हेही खरे.

१६/
भारतात हा प्रश्न बराच काळ वेगळ्या रूपात होता. गरजूंना सहायक साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासूनची. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग संस्था स्थापन झाली १९८३ मध्ये. दीर्घकाळ सर्वसामान्यांच्या आवाक्यातले यंत्र म्हणजे सदऱ्याच्या खिशातली डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर. ती लपवायला केस पुरेसे नव्हते. ज्या पुण्यात कानाच्या वरच्या भागातली भिकबाळी दिमाखाने मिरवली जाते, तिथेच त्याच कानामागचे यंत्र झाकण्याची धडपड होते. दागिना आणि यंत्र यांत अंतर केवळ दोन बोटांचे आहे. मानण्यातले अंतर त्याहून कितीतरी अधिक.

१७/
याचे एक कारण भाषेत सापडते. मराठीत ‘कानाडोळा करणे’ म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे. ‘या कानाने ऐकून त्या कानाने सोडणे’, ‘ऐकून न ऐकल्यासारखे करणे’ या प्रयोगांत न ऐकणे ही कृती आहे आणि तिच्यामागे हेतू आहे. ‘बहिरा आहेस का?’ हा प्रश्न उत्तरासाठी विचारलाच जात नाही. तो दटावण्यासाठी असतो. अशा भाषेत वाढलेला मनुष्य हाकेला ओ न देणाऱ्या तरुणाला आधी उर्मट ठरवतो. हायलिगेनश्टाटच्या पत्रातील तक्रार मराठी मुलखातही तशीच्या तशी लागू पडते.

१८/
आज कानात काहीतरी असणे ही नवलाई राहिलेली नाही. संगीत ऐकण्याची बिनवायरची बटणे लाखो कानांत आहेत. श्रवणयंत्रे आणि कानातले साचे भडक रंगांतही मिळतात. तरीही यंत्र लावणाऱ्या तरुणाने केस वाढवले, की ‘लपवण्यासाठी का?’ असे विचारले जाते आणि कापले, की ‘धीट आहेस’ अशी शाबासकी मिळते. दोन्ही वेळा त्याचे केस यंत्राच्याच हिशेबात धरले जातात. ताल्माचे अनुकरण करणाऱ्या किंवा बीटल्सच्या मागे गेलेल्या तरुणांना केसांचे कारण स्वतः ठरवण्याची मुभा होती. तीच मुभा या तरुणालाही हवी : फॅशन म्हणून, हट्ट म्हणून, आळस म्हणून किंवा हो, कधी लपवण्यासाठीही. हाकेला ओ आली नाही, तर समोर जाऊन, चेहरा दिसेल असे उभे राहून पुन्हा बोलावे. त्यासाठी त्याचे यंत्र दिसण्याची गरज नाही.