अनेक सत्तांचे जग आणि अंबाजोगाईची साक्ष

२५ डिसेंबर १९९१ रोजी मॉस्कोच्या क्रेमलिनवरील तांबडा ध्वज खाली उतरला आणि जगात अमेरिका ही एकच महासत्ता उरली. इतिहास आता आपल्या अखेरच्या मुक्कामाला पोहोचला, असे काही विद्वानही त्या काळात म्हणू लागले होते. ती समजूत फार वर्षे टिकली नाही. २००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. २००८ च्या आर्थिक अरिष्टाने अमेरिकेतील बड्या बँकांना हादरा दिला. २००९ साली ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांच्या प्रमुखांनी रशियातील येकातेरिनबुर्ग येथे आपली पहिली शिखर परिषद भरवली. जगाला एकच केंद्र आहे, असे आज कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. ‘बहुध्रुवीय जग’ हा शब्दप्रयोग आता रोजच्या वाचनात येतो, आणि बहुधा समाधानाने उच्चारला जातो. एकाची मिरासदारी संपली, आता प्रत्येकाला आपला आवाज मिळेल, असा त्यामागचा भाव असतो.

हे समाधान कितपत रास्त आहे, याचा विचार करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एकछत्री सत्ता मोडून तिच्या जागी अनेक सत्ता उभ्या राहिल्याचा अनुभव आपल्या दख्खनने तीन वेळा घेतला आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेत, जयंती नदीच्या काठी वसलेले बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव त्या तिन्ही वेळांचे साक्षीदार आहे.

मुकुंदराज आणि खोलेश्वर

दहाव्या शतकाच्या अखेरीपासून दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचे अधिराज्य होते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते खिळखिळे झाले आणि त्यांच्या मांडलिकांतून तीन राज्ये पुढे आली : देवगिरीचे यादव, वारंगळचे काकतीय आणि द्वारसमुद्राचे होयसळ. भिल्लम यादवाने स्वातंत्र्य पुकारले ते ११८७ च्या सुमारास. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा मानला जातो. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत आहे. मराठीतील आद्य मानला जाणारा ग्रंथ एका साम्राज्याच्या अस्ताच्या वेळी जन्मला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. साम्राज्याचे एकच दरबारी केंद्र उरले नाही, तेव्हा लोकभाषांना अंगण मोकळे झाले. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांना आपापला राजाश्रय लाभला. अनेक सत्तांच्या जगाची ही जमेची बाजू होय.

दुसरी बाजूही याच गावात कोरलेली आहे. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आणि त्याच्या नावाचे मंदिर अंबाजोगाईत आहे. ते लेख वाचताना ध्यानात येते ते सततचे युद्ध. शेजारी राज्यांशी लढण्यात या तिन्ही घराण्यांनी शंभर वर्षे घालवली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, तेव्हा रामदेवरावाच्या मदतीला वारंगळहून कोणी आले नाही आणि द्वारसमुद्राहूनही कोणी आले नाही. पुढे दिल्लीचा मांडलिक झालेल्या याच रामदेवरावाने मलिक काफूरच्या वारंगळवरील आणि द्वारसमुद्रावरील मोहिमांना साहाय्य केले. त्यानंतर काही वर्षांतच देवगिरीचे राज्यही दिल्लीत विलीन झाले.

दासोपंतांची पासोडी

१३४७ साली दिल्लीपासून फुटून बहमनी राज्य उभे राहिले, आणि दीडशे वर्षांनी त्याचीही पाच शकले झाली. त्या पाच शाह्यांच्या काळात दासोपंत (१५५१-१६१५) अंबाजोगाईस राहत होते. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर आपली ‘पासोडी’ लिहिली. दासोपंतांच्या निधनानंतर एकाच वर्षाने, १६१६ मध्ये, गोमंतकात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. एक रचना बालाघाटातली, दुसरी पोर्तुगीज अमलातली. परंतु मराठीने दोन्ही आपल्या मानल्या. सत्तांच्या सीमा ओलांडून भाषा हिंडत होती.

सत्ताधीशांना मात्र ते साधले नाही. उत्तरेकडून मोगल खाली उतरत असता मलिक अंबरने निजामशाही सावरून धरली होती. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने मोगलांचा पराभव केला, त्या वेळी विजापूरची फौज मोगलांच्या बाजूने लढत होती. १६३६ साली शहाजहान आणि आदिलशहा यांनी निजामशाहीचा मुलूख आपसात वाटून घेतला. विजापूरच्या दरबारात तेव्हा लाभाचा हिशेब झाला असेल. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतले आणि पुढच्या वर्षी गोवळकोंडा.

एका शेताचे दोन धनी

१७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि तिसरा अध्याय सुरू झाला. १७२४ पासून निजाम जवळजवळ स्वतंत्र झाला. पेशवे, निजाम, पुढे म्हैसूरचा हैदर आणि किनाऱ्यावरच्या युरोपीय कंपन्या असे अनेक बलवान एकाच पटावर आले. त्यांच्या लढायांची गावे आजच्या मराठवाड्यात आणि त्याच्या सीमेवर आहेत : पालखेड १७२८, उदगीर १७६०, गोदाकाठचे राक्षसभुवन १७६३, खर्डा १७९५.

या काळातल्या समतोलाचा अर्थ कुणब्याच्या दारी काय होता, हेही पाहिले पाहिजे. १७१९ च्या बादशाही सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांना चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मिळाला होता. मुलूख निजामाचा, वसुलीत हिस्सा मराठ्यांचा. या दुहेरी अमलाला दुअंमल म्हणत. पावसाने दगा दिला तरी दोन्हीकडचे कारकून येत. दरबारात ज्याला समतोल म्हणत, तो शेतात दुहेरी देणे होऊन उतरे.

तरीही या वेळी एक संधी आली होती. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांची नामुष्की झाली. त्यानंतर नाना फडणीस, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध चौकडी जमली. दख्खनच्या सर्व मोठ्या सत्ता एका बाजूला आल्याचा हा दुर्मीळ प्रसंग होय. वॉरन हेस्टिंग्जने तो फार काळ टिकू दिला नाही. निजामाला गुंटूर परत मिळाले, भोसल्यांना पैसा मिळाला, आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह करून पुण्याचा दरबारही वेगळा झाला. हैदर एकटा उरला.

पुढचा क्रम सरळ आहे. १७९२ मध्ये टिपूचे अर्धे राज्य इंग्रज, निजाम आणि मराठे यांनी वाटून घेतले. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पुरता पराभव केला. हा विजय मोठा होता, पण त्याने शेजाऱ्याच्या मनात कायमची भीती बसवली. तीन वर्षांनी निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू पडला, त्या वेळी निजामाची फौज इंग्रजांसोबत होती. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे तैनाती फौजेच्या तहावर सही केली. आपल्या वसईकर वाचकांना किल्ल्यातील चर्चचे भग्नावशेष पाहताना १७३९ चा चिमाजीआप्पांचा वेढा आठवतो. १८०२ चा हा तहही त्यासोबत आठवावा. नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १८०३ मध्ये, जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली.

निजामाचे राज्य राहिले. पण कोणत्या अर्थाने? त्याच्या राजवटीत मोमिनाबाद नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी पडली. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज. या फौजेची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ मध्ये तिच्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. रक्षणकर्त्याचे हे बिल होते. याच गावात काही काळ अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती सर्व व्यवस्था संपुष्टात आली.

आजचा प्रश्न

तिन्ही कथांचा शेवट सारखा आहे. दूरच्या बलाढ्याने दख्खन जिंकले, त्या प्रत्येक वेळी त्याला खांदा जवळच्याने दिला. आणि खांदा देणाऱ्याची पाळी नंतर आली. शेजाऱ्याची भीती दूरच्या सत्तेच्या भीतीपेक्षा मोठी ठरली, तिथे अनेक सत्तांचे जग मोडले. या सत्तांचा पराक्रम उणा नव्हता, द्रव्यही उणे नव्हते. दिलेला शब्द आपल्या गैरसोयीच्या काळातही पाळला जाईल, एवढा एकमेकांवरचा भरवसा तेवढा उणा होता.

म्हणून आजच्या बहुध्रुवीय जगाचे स्वागत करताना केंद्रे किती झाली, एवढेच मोजून भागणार नाही. २०२२ पासून युक्रेनमध्ये जे घडले, ते मोठ्या शेजाऱ्याने लहान शेजाऱ्याला दिलेल्या वचनांचे काय होते याचेच उदाहरण आहे. भारताने २०२३ साली दिल्लीत जी-२० परिषदेचे यजमानपद भूषवले आणि आफ्रिकी संघाला तेथे सदस्यत्व मिळवून देण्यात पुढाकार घेतला. लहानांना पंगतीत बसवण्याची ही रीत अधिक आश्वासक वाटते.

क्युबाच्या क्षेपणास्त्र-संकटानंतर सहा महिन्यांच्या आत, ११ एप्रिल १९६३ रोजी, पोप तेविसावे जॉन यांनी ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्रक काढले. जग तेव्हा दोन गोटांत विभागले होते. शांती शस्त्रांच्या समतोलावर उभी राहत नाही, तिला परस्पर विश्वास लागतो, असे त्यांनी सांगितले आणि सत्य, न्याय, प्रीती व स्वातंत्र्य हे तिचे चार आधार मानले. सत्ता एक असो, दोन असोत की अनेक, हे मोजमाप बदलत नाही. मोठ्यांच्या समतोलाची किंमत दुअंमलाच्या काळातील कुणब्याप्रमाणे कोण भरत आहे, हा प्रश्न नव्या जगालाही विचारत राहिले पाहिजे.