महाराजांना कोणी विचारले?

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेली झटापट त्यांच्या मृत्यूस कारण झाली. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. महाराजांस वेड लागले आहे असे ठरवून सरकारने १८८२ मध्येच संस्थानाचा कारभार कागलकर आबासाहेब घाटगे यांच्या हाती सोपविला होता.

या प्रकरणाचा एक भाग आपणां सर्वांस ठाऊक आहे. दिवाण माधवराव बर्वे हे महाराजांचा छळ करतात, असे ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी लिहिले. आधारास घेतलेली पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी क्षमा मागितली, तरीही त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. परंतु त्या खटल्यात निवाडा झाला तो दिवाणांच्या अब्रूचा. महाराजांचा आजार कोणता आणि त्यांची स्वतःची इच्छा काय, हे प्रश्न त्या न्यायासनापुढे नव्हतेच.

ब्रिटिश मुलखातील प्रजाजनाची मालमत्ता वेडाच्या कारणाने दुसऱ्याच्या ताब्यात देण्यापूर्वी दिवाणी न्यायालयाने चौकशी करावी, असा कायदा १८५८ पासून होता. संस्थानिकाचे भवितव्य मात्र राजकीय खात्याच्या मर्जीवर अवलंबून राही. सामान्य रयतेस जे संरक्षण होते, ते छत्रपतींस नव्हते!

आज चित्र पालटले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार रोगनिदान मान्य वैद्यकीय कसोट्यांवरच व्हावे लागते. राजकीय वा सामाजिक कारणावरून कोणास मनोरुग्ण ठरविता येत नाही. आजाराची माहिती मिळविण्याचा आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क रुग्णास आहे. शिवाय केवळ निदानावरून कोणी विकलमती ठरत नाही. त्यास न्यायालयाचाच निर्णय लागतो.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा मतिमंदत्व असलेल्या प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक समितीची तरतूद केली. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी तीत असतो. तुकईथडसारख्या सीमेवरील गावच्या आईबापांनाही आपल्या पश्चात मुलाचे कोण पाहील, या चिंतेपोटी पालक नेमण्यासाठी तिच्याकडे अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकास मालमत्तेचा हिशेब दरवर्षी द्यावा लागतो, आणि हयगय वा छळ केल्यास त्यास दूर करता येते.

अर्ज लिहिताना घरच्यांनी एवढे मात्र करावे: ज्याच्यासाठी तो लिहावयाचा, त्याला जवळ बसवून आधी त्याचे म्हणणे ऐकावे. अहमदनगरच्या किल्ल्यातील त्या तरुणाच्या वाट्याला नेमके तेवढेच आले नाही.