देहचिन्हे आणि दोषनिश्चय

न्यायसभेत उभा राहिलेला मनुष्य काय बोलतो हे जसे ऐकले जाते, तसाच तो बोलताना कसा दिसतो हेही पाहिले जाते. एखादा वारंवार ओठांवरून जीभ फिरवितो, एखादा या पायावरून त्या पायावर भार देत राहतो, कोणाच्या कपाळी घाम फुटतो, कोणाचा आवाज अडखळतो. ह्या हालचाली इच्छेने होत नाहीत. पुष्कळदा करणाऱ्यास त्यांची जाणीवही नसते. पाहणारा मात्र त्यांस अर्थ लावल्यावाचून राहत नाही, आणि तो अर्थ बहुधा अपराधाचा असतो. हा अर्थ कितपत विश्वसनीय मानावा, हा प्रश्न आपल्या व्यवहारशास्त्रात फार पूर्वी उपस्थित झाला होता. त्याचे एक उत्तर अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळी कल्याणी नगरीत दिले गेले. त्या उत्तराची योग्यता आज अधिक स्पष्ट होते, असे दाखविण्याचा येथे विचार आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने वादी-प्रतिवादींचे अंतर्गत भाव बाह्य चिन्हांवरून ओळखावेत असे सांगितले आहे. स्वर, वर्ण, इंगित, आकार, नेत्र व हावभाव ही ती चिन्हे होत. याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात ह्याहून तपशीलवार यादी दिली आहे. जो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांच्या कडा चाटतो, ज्याच्या ललाटास घाम येतो, मुखाचा रंग पालटतो, वाणी कोरडी पडून अडखळते, जो परस्परविरुद्ध असे पुष्कळ बोलतो, दुसऱ्याच्या बोलण्यास वा दृष्टीस प्रतिसाद देत नाही आणि ओठ मुरडतो, तो अभियोगात अथवा साक्षीत दुष्ट समजावा, असे त्याचे म्हणणे. यादी करणाऱ्याचे निरीक्षण सूक्ष्म होते ह्यात शंका नाही. तथापि ही चिन्हे कशाची, हा प्रश्न निरीक्षणाच्या सूक्ष्मतेने सुटत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रातही अशीच यादी आढळते. राजास विष घालणारा कसा ओळखावा, हे सांगताना तोंड सुकून काळवंडणे, वाणी अडखळणे, अतिशय घाम व जांभया येणे, कंप सुटणे, ठेच लागणे, सभोवार पाहणे ही लक्षणे तेथे दिली आहेत. राजाच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे तेथे संशय हाच सावधगिरीचा आधार होता. पण त्याच ग्रंथात चोराच्या तपासाचे प्रकरण आले की कौटिल्याचा सूर बदलतो. जो चोर नाही असा मनुष्यही योगायोगाने चोरांच्या वाटेवर सापडतो आणि वेष, शस्त्र वा वस्तू यांच्या साम्यामुळे पकडला जातो, असे तो बजावतो. यातनांच्या भयाने ‘मी चोर आहे’ असे म्हणणाऱ्या अणिमांडव्याचा दाखलाही तो देतो. भयाने मनुष्य काय करील याचा नेम नाही, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते.

ह्या जाणिवेच्या विरुद्ध टोकाला तंदुलदिव्य उभे आहे. हे दिव्य चोरीच्या आरोपात सांगितलेले आहे. देवतेच्या स्नानोदकात रात्रभर ठेवलेले तांदूळ आरोपीने सकाळी पूर्वाभिमुख होऊन चावावयाचे आणि पानावर थुंकावयाचे. रक्त दिसले, हनुवटीस वा टाळूस इजा झाली, किंवा अंग कापू लागले, तर तो अशुद्ध ठरे. भयाने लाळ आटते व तोंडास कोरड पडते. अशा तोंडाने कच्चे तांदूळ चावणे किती कठीण, हे सांगावयास नको. अंग कापणे तर उघडच भयाचे कार्य. सर्वांसमक्ष चोरीचा आळ आलेला निरपराध मनुष्य कापणार नाही, असे गृहीत धरल्याखेरीज ह्या दिव्याला अर्थच राहत नाही.

भयाप्रमाणेच लज्जेचेही आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या रूपांतरामुळे मराठी रसिकांस परिचित झालेल्या मृच्छकटिकाच्या नवव्या अंकात चारुदत्तास, गणिका तुझी मैत्रीण आहे काय, असे विचारले जाते. तो सज्जन संकोचतो, आणि शकार त्या संकोचास लगेच अपराध लपविण्याचे नाव देतो. पुढे मैत्रेयाजवळचे अलंकार गळून पडतात व पुरावा पुरा झालासा वाटतो. न्यायाधिकाऱ्याचे मन चारुदत्ताच्या मुखाकडे पाहून आधी त्याच्या बाजूस झुकले होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मुखावरून काढलेले हे अनुमान खरे होते. परंतु त्याने चारुदत्ताचा बचाव झाला नाही.

आता विज्ञानेश्वराकडे वळू. चालुक्य सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या राजधानीत, म्हणजे कल्याणीस, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत हे गाव हैदराबाद राज्यात होते. मिताक्षरेचे नाव आपण बहुधा वारसाहक्काच्या संदर्भात ऐकतो. वर दिलेल्या यादीवरील तिचे भाष्य त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे.

हे भाष्य तीन पायऱ्यांनी जाते. पहिली अशी की, मन, वाणी व देह यांत होणारा पालट भयादी निमित्तांनी झालेला नसावा. तसा असेल तर तो येथे अभिप्रेतच नाही. दुसरी अशी की, ह्या चिन्हांवरून दोषाची केवळ संभावना कळते, निश्चय होत नाही. कारण स्वाभाविक विकार कोणता व नैमित्तिक कोणता, हा विवेक करणे दुष्कर आहे. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. समजा, एखाद्या निपुण मनुष्यास हा विवेक साधला, तरीही तेवढ्यावरून पराजयाचा निर्णय देता येत नाही. मरणोन्मुख मनुष्याची लक्षणे दिसली म्हणून कोणी त्याचे अंत्यसंस्कार उरकीत नाही, असा दृष्टांत विज्ञानेश्वर देतो. भाष्यकार मूळ वचन नाकारीत नाही. मात्र त्याच्या अधिकाराची सीमा तो आखून देतो.

पुढे इंग्रजी अमदानीत न्यायाची चौकट बदलली, प्रश्न बदलला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायाधीशाने शेरा नोंदविण्याची तरतूद आली. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेतही ती राहिली. १८७२ साली, म्हणजे भारतीय पुरावा कायदा झाला त्याच वर्षी, डार्विनचा भावाविष्कारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुखावर लाली चढते ती अपराधाच्या जाणिवेने नव्हे, तर इतर लोक आपणास अपराधी समजत आहेत ह्या विचाराने, असे त्यात म्हटले आहे. चारुदत्ताचा संकोच त्या दृष्टीने पाहावा. १९१५ साली कॅनन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने भय, क्रोध व वेदना यांमुळे देहात होणाऱ्या फेरफारांची मीमांसा केली. नाडी जलद होणे, घाम फुटणे, तोंड कोरडे पडणे ही संकटसमयी देहाची स्वयंचलित तयारी होय. संकट खऱ्या अपराधामुळे आले की खोट्या आळामुळे, हे देहास कळत नाही.

तरीही यंत्राने हा विवेक साधेल ही आशा सुटली नाही. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लार्सन ह्या पोलीस अधिकाऱ्याने श्वास व रक्तदाब एकाच वेळी नोंदणारे यंत्र तयार केले. पुढे असत्यशोधक म्हणून असली यंत्रे जगभर गेली. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने सांगितले की, यंत्र ज्या देहक्रिया मोजते त्या केवळ असत्यामुळेच होतात असे नाही. मानवी दृष्टीची स्थितीही फारशी वेगळी नाही. २००६ मध्ये बाँड व डिपॉलो यांनी शेकडो प्रयोगांचा एकत्र विचार केला, तेव्हा खरेखोटे ओळखण्यात माणसे सरासरीने शंभरात ५४ वेळा बरोबर ठरतात, असे आढळले. नाणे फेकून निर्णय केल्यास ५० वेळा यश येते. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी कोणावरही त्याच्या संमतीविना लादता येणार नाही, असा निर्णय दिला.

येणेप्रमाणे पाहता विज्ञानेश्वराच्या दुसऱ्या पायरीस आज प्रयोगांचा आधार मिळाला आहे. तिसरी पायरी मात्र प्रयोगांवर अवलंबून नाही. उद्या यंत्र अचूक झाले तरी लक्षण आणि निर्णय यांच्यामध्ये पुराव्याची जागा रिकामी राहता कामा नये, हे तिचे सांगणे आहे. घाम, कंप, अडखळणारी वाणी पाहून चौकशी सुरू करावयास हरकत नाही. तेवढ्यावर ती संपविणे म्हणजे जिवंत माणसाची तिरडी बांधणे होय. न्यायसभेपुरतेच हे खरे आहे असेही नाही. शाळेत चोरीचा आळ आलेले मूल, मुलाखतीस बसलेला उमेदवार, परक्या गावी पोलिसांनी हटकलेला वाटसरू, ह्या सर्वांचे ओठ कोरडे पडतात. त्यांच्याकडे पाहणाऱ्याच्या हाती संभावना असते. निश्चय त्याने अन्यत्र शोधावयाचा असतो.