एकेरी रांगेचे पिस्तूल मॅगझीन : एम १९११ व निवडीचे निकष

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, काडतुसे एकावर एक अशा एकाच रांगेत धरून ठेवणारी आणि प्रत्येक फैरीनंतर पुढचे काडतूस वर आणून देणारी पत्र्याची पेटी म्हणजे एकेरी रांगेचे मॅगझीन. जर्मन लुगर पी ०८ व वॉल्थर पी ३८, रशियन तोकारेव्ह टीटी-३३ आणि अमेरिकी एम १९११ ही या पद्धतीची प्रसिद्ध पिस्तुले. १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये दुहेरी रांगेमुळे तेरा काडतुसे मावली. एकेरी रांगेत ती कमी मावतात, पण मूठ अरुंद राहते, आणि वरचे काडतूस डाव्या-उजव्या बाजूला न सरकता दर वेळी एकाच जागी येते. तरीही पिस्तूल अडकण्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा मॅगझिनमध्येच सापडते. मॅगझीन ही केवळ काडतुसे ठेवण्याची पेटी नसून भरणयंत्रणेचा चालता भाग आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याची निवड नीट करता येत नाही. प्रस्तुत नोंदीत एम १९११ हे प्रमुख उदाहरण घेतले आहे.

पूर्वपीठिका : मुठीत बसणारे, काढता-घालता येणारे मॅगझीन ह्यूगो बोर्खार्टच्या १८९३च्या पिस्तुलात आले. त्यात आठ काडतुसे मावत. जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने तीच जागा कायम ठेवून अमेरिकी लष्करासाठी .४५ एसीपी काडतुसाचे पिस्तूल विकसित केले. ६,००० फैरींच्या चाचणीनंतर २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ते स्वीकारले. १९८५ मध्ये बेरेटा एम ९ची निवड होईपर्यंत ते अमेरिकी सैन्याचे प्रमुख पिस्तूल होते. दुसऱ्या महायुद्धात कोल्ट, रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल आणि सिंगर या कंपन्यांनी पिस्तुले बनवली. मॅगझिने रिस्डन, स्कोव्हिल, लिटल, जनरल शेव्हर अशा वेगळ्याच कारखान्यांतून आली. कोणत्याही कारखान्याचे मॅगझीन कोणत्याही पिस्तुलात चालावे, यासाठी सर्वांना एकाच सरकारी आराखड्याचे बंधन होते. पुढे खुल्या बाजारात प्रत्येक उत्पादकाने आकार, फॉलोअर (काडतुसांना वर ढकलणारा भाग) आणि क्षमता यांत आपापले बदल केले आणि निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

रचना : मॅगझिनचे मुख्य भाग चार. पोलादी पत्र्याची नळी किंवा डबी, स्प्रिंग, काडतुसांना वर ढकलणारा फॉलोअर आणि तळपट्टी. डबीच्या वरच्या कडा आत वळवलेल्या असतात. नेमबाज त्यांना ‘लिप्स’ म्हणतात. बाजूला एक खाच असते, तिच्यात पिस्तुलाचा मॅगझीन-कॅच अडकतो. जुन्या लष्करी मॅगझिनचा वरचा भाग फिकट आणि खालचा निळसर काळा दिसतो. लिप्स झिजू नयेत वा उघडू नयेत म्हणून फक्त वरचा भाग कठीण केलेला असे. खालचा भाग त्यामानाने मऊ ठेवून तेथे तळपट्टी खिळ्यांनी बसवत. हा दुरंगीपणा शोभेसाठी नव्हता. सगळ्यात जास्त ताण कोठे येतो, याचे ते उत्तर होते.

कार्य : फैर झडल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा सरकणारा वरचा भाग, मागे जाते, रिकामे कवच बाहेर पडते आणि स्लाइड पुन्हा पुढे येते. स्लाइडचा पुढचा पृष्ठभाग वरच्या काडतुसामागे पोचण्याआधी स्प्रिंगने सगळी रांग एका काडतुसाच्या जाडीइतकी वर उचललेली असली पाहिजे. २३० ग्रेन, म्हणजे सुमारे १४.९ ग्रॅमची गोळी असलेले .४५ एसीपी काडतूस अंदाजे २१ ग्रॅम भरते. सात काडतुसांची रांग १५० ग्रॅमच्या घरात जाते. धक्क्याने पिस्तूल वर उसळत असतानाच ही जड रांग स्प्रिंगला वर न्यायची असते. स्प्रिंग थकलेली असेल किंवा डबी आतून मळलेली असेल, तर रांग उशिरा पोचते आणि स्लाइड काडतुसाच्या कडेवरून निसटून पुढे जाते. स्लाइड जितकी आखूड व वेगवान, तितका हा अवधी कमी. म्हणूनच पूर्ण आकाराच्या पिस्तुलात चोख चालणारे मॅगझीन आखूड पिस्तुलात अडखळू शकते.

लिप्सचे प्रकार : काडतूस कोणत्या क्षणी मोकळे व्हावे, हे लिप्स ठरवतात. मूळ लष्करी लिप्स मागे अरुंद आणि पुढे हळूहळू रुंद होत जाणाऱ्या असतात. काडतूस पुढे सरकताना त्याचे नाक क्रमाने उचलले जाते आणि ते पूर्ण सुटण्याआधी त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे कवच ओढून काढणाऱ्या भागाच्या, आकड्याखाली शिरते. गोल नाकाच्या लष्करी गोळीला ही रचना सर्वांत मानवते. दुसऱ्या प्रकारात लिप्स समांतर असतात आणि काडतूस लवकर, एकदम सुटते. निशाणेबाजीच्या आखूड, सपाट नाकाच्या वॅडकटर गोळ्यांसाठी हा प्रकार पुढे आला. या दोहोंच्या मधला संकरित प्रकार कोल्टच्या व्यापारी मॅगझिनांत दिसतो. तो गोल नाकाच्या आणि पोकळ टोकाच्या, अशा दोन्ही गोळ्यांना बहुधा चालतो. यांतील कोणताही प्रकार सरसकट श्रेष्ठ नाही. आपण कोणते काडतूस वापरणार, यावर लिप्सची निवड अवलंबून ठेवावी.

फॉलोअर आणि शेवटचे काडतूस : ब्राउनिंगच्या मूळ फॉलोअरवर मध्यभागी एक छोटा उंचवटा आहे. बोट फिरवले तरच जाणवेल एवढाच तो असतो, पण त्याचे काम मोठे. मॅगझिनमध्ये एकच काडतूस उरते तेव्हा स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी असतो आणि त्याला धरून ठेवायला खाली दुसरे काडतूस नसते. धक्क्याने पिस्तूल मागे जाते, काडतूस मात्र जडत्वाने जागीच राहू पाहते. म्हणजे मॅगझिनच्या हिशोबाने ते पुढे सरकते. हा उंचवटा त्याची कड अडवतो. तो नसला, तर शेवटचे काडतूस वेळेआधी लिप्समधून सुटून चेंबरच्या (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेच्या) तोंडाशी आडवे होऊ शकते किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या पुढे निघून जाते. मग स्लाइड बंद होताना एक्स्ट्रॅक्टरला त्या कडेवरून उडी मारावी लागते आणि त्याची पकड बिघडते. फॉलोअरचे आणखी एक काम म्हणजे मॅगझीन रिकामे झाल्यावर स्लाइड-स्टॉपला वर ढकलून स्लाइड मागे अडकवणे. त्यासाठी त्याची डावीकडची पायरी पुरेशी रुंद आणि मजबूत हवी.

सात की आठ : मूळ मॅगझीन सात काडतुसांचे आहे. त्याच लांबीच्या डबीत आठ बसवणारी मॅगझिने १९८०च्या दशकापासून लोकप्रिय झाली. विल्सन कॉम्बॅट आणि चिप मॅकॉर्मिक ही त्यांतील परिचित नावे. आठव्या काडतुसाची जागा कोठून तरी काढावी लागते. फॉलोअर आखूड होतो, स्प्रिंगला मिळणारी जागा घटते आणि पूर्ण भरल्यावर ती जवळजवळ टेकते. चांगल्या पोलादाच्या स्प्रिंगमुळे आणि काही ठिकाणी किंचित लांब डबीमुळे यातील बऱ्याच अडचणी दूर झाल्या आहेत. मात्र अशा मॅगझिनची स्प्रिंग अधिक वेळा बदलावी लागते. स्लाइड बंद असताना पूर्ण भरलेले मॅगझीन सहज बसते का, हे आवर्जून पाहावे. वरचे काडतूस बोटाने थोडेही खाली दबत नसेल, तर स्प्रिंगला जागाच उरलेली नाही, असे समजावे. अडखळत सुटणाऱ्या आठपेक्षा खात्रीचे सात केव्हाही मोलाचे.

आकार व कॅलिबर : आखूड मुठीच्या ऑफिसर्स प्रकारात सहा काडतुसांचे मॅगझीन येते. तेथे पूर्ण लांबीचे मॅगझीन जोरात ठोकल्यास ते प्रमाणाबाहेर वर जाऊन रिकामे कवच बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरला इजा करू शकते. १९२९ मध्ये आलेल्या .३८ सुपरचे मॅगझीन नऊ काडतुसांचे आहे. ९ मिमी काडतूस लांबीने कमी असल्याने त्याच्या मॅगझिनमध्ये पुढे किंवा मागे भरपट्टी घालून जागा अरुंद केलेली असते. दिसायला सारखी म्हणून या मॅगझिनांची सरमिसळ करू नये.

दोषांची ओळख : काडतुसाचे नाक खाली झुकून चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, अडत असेल, तर स्प्रिंग किंवा फॉलोअरचा दोष संभवतो. स्लाइड काडतूस न घेताच बंद होत असेल, तर कमजोर स्प्रिंग, मळकट डबी किंवा खाच झिजल्याने खाली लोंबणारे मॅगझीन यांचा संशय घ्यावा. काडतुसे शिल्लक असताना स्लाइड मागे अडकली, तर गोळी किंवा फॉलोअर स्लाइड-स्टॉपला अकाली स्पर्श करीत असावा. दोष मॅगझिनचा की पिस्तुलाचा, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक मॅगझिनवर ठळक क्रमांक टाकावा आणि बिघाड कोणत्या क्रमांकावर झाला, हे लिहून ठेवावे. एकच क्रमांक पुनःपुन्हा आला तर दोष त्या मॅगझिनचा. सगळ्यांत सारखाच दोष आढळला, तर पिस्तूल बंदूकसाजाकडे न्यावे.

निवड व चाचणी : पहिली पसंती पिस्तुलाच्या उत्पादकाने दिलेल्या मॅगझिनला द्यावी. त्यानंतर इटलीची मेक-गार, अमेरिकेची चेक-मेट यांसारख्या, पिस्तूल कंपन्यांना किंवा सैन्याला माल पुरवणाऱ्या उत्पादकांकडे वळावे. प्रदर्शनात स्वस्तात मिळणारे, नाव-खूण नसलेले मॅगझीन सरावापुरतेही घेऊ नये. त्याने झालेल्या बिघाडाचे खापर विनाकारण पिस्तुलावर फुटते. हातात घेतल्यावर लिप्स दोन्हीकडे सारख्या आहेत का, जोडाची शिवण आतून गुळगुळीत आहे का, फॉलोअर कोठेही न अडकता वर-खाली होतो का, हे तपासावे. मग पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून रिकामे मॅगझीन घालावे. ते टक् आवाज करून अडकले पाहिजे, कॅच दाबल्यावर स्वतःच्या वजनाने खाली आले पाहिजे आणि स्लाइड मागे ओढल्यावर ती तेथेच थांबली पाहिजे. खरी परीक्षा मात्र नेमबाजीच्या मैदानावरच होते. प्रत्येक मॅगझीन पूर्ण भरून, जी गोळी प्रत्यक्ष वापरायची तिच्यासह, दोन्ही हातांनी आणि एका हाताने चालवून पाहावे. एका मॅगझिनच्या यशावरून त्याच खोक्यातल्या दुसऱ्याची हमी देता येत नाही.

निगा : मॅगझीन खोलून कोरड्या फडक्याने व ब्रशने पुसावे. आत तेल ओतू नये, कारण त्यात धूळ आणि दारूची काजळी धरते. भरून ठेवल्याने चांगली स्प्रिंग फारशी थकत नाही. वारंवार दबल्या-सुटल्याने आणि मर्यादेपलीकडे दाबल्याने ती थकते. स्प्रिंग हा बदलण्याचाच भाग आहे. लिप्स पकडीने वाकवून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. कठीण केलेला पत्रा तेथे तडकतो. सरावाची आणि प्रत्यक्ष कामाची मॅगझिने वेगळी ठेवावीत, कारण सरावात ती जमिनीवर आपटतात.

भारतातील संदर्भ : शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, त्यामुळे मॅगझिनची खरेदी परवान्याच्या आणि अधिकृत विक्रेत्याच्या चौकटीतच करावी लागते. महाराष्ट्रात एकेरी रांगेच्या मॅगझिनशी सर्वाधिक संबंध येतो तो क्रीडानेमबाजांचा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३च्या चांगवान विश्वचषकात आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात .२२ रिमफायर पिस्तुलाने पाच-पाच फैरींच्या मालिका झाडतात. वेगवान टप्प्यात लक्ष्य दर वेळी फक्त तीन सेकंद समोर राहते. .२२च्या काडतुसाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली नाही, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मालिका तेथेच थांबते. म्हणून येथे एकेक काडतूस नीट मागे टेकवून भरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी आणि आपली मॅगझिने क्रमांकासह, स्वतःच्याच पिस्तुलावर पारखून घ्यावीत.